जीपीएक्स फाइल देत नाही, पण आंबोलीत सायकलची वाट कशी शोधायची ते सांगते

तुमचा प्रश्न मला असा कळला. नाताळच्या सुट्टीत पुण्याहून तुम्ही चौघं चार रात्री आंबोलीला चाललाय, राहायचं ठरलंय, गाडीच्या रॅकवर सायकली न्यायच्यात. मुलगी बारा वर्षांची, मुलगा नऊचा. डांबरी रस्ता नको, जंगलातून रोज पंधरा-वीस किलोमीटर चालवायचंय. अ‍ॅपवर शोधलं तर एक-दोन रेषा सोडून नकाशा कोरा, म्हणून ‘कुणाकडे जीपीएक्स असेल तर टाका’ असं लिहिलंत. आणि शेवटी हळूच, ‘मुलाची सायकल साधी वीस इंची आहे, चालेल ना?’

जीपीएक्स म्हणजे कुणीतरी गेलेल्या वाटेची जीपीएसवर नोंदलेली फाइल. तशा माझ्याकडे आहेत, सात-आठ तरी. देत नाही, आणि का देत नाही ते ऐकलंत तर तुमचं निम्मं काम होईल. गेली चौदा वर्षं मी त्या पट्ट्यात सायकल चालवते, हिवाळ्यात लहान गट घेऊन जाते. मागच्या जानेवारीत माझ्याच तीन वर्षांपूर्वीच्या फाइलवर गेले होते. पहिले चार किलोमीटर वाट जशीच्या तशी. पुढे काजूची नवी लागवड, भोवती तारेचं कुंपण, आणि माझी निळी रेषा कुंपणातून आरपार. दुसरी एक वाट ओढ्याच्या काठाकाठानं जायची, तिचा काठच पावसानं नेला होता. आंबोलीत वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या जवळजवळ दहापट. एवढं पाणी दरवर्षी अंगावरून गेल्यावर कच्ची वाट जागेवर राहिली तर नशीब. फाइल एवढंच सांगते की अमुक तारखेला एक बाई इथून गेली. नऊ वर्षांच्या पोराला घेऊन तिच्यावर विसंबू नका.

तेव्हा रेषा जरा बाजूला ठेवा. जंगलात कुटुंबानं सायकल चालवायची तर आधी हे कळायला हवं की वाट कुणाच्या जमिनीवरून जाते, चाकाखाली काय येणार आहे, आणि उजेड असताना घरी कसं पोचायचं. पहिली गोष्ट अ‍ॅप सांगतच नाही. दुसरी अर्धवट सांगतं. तिसरीत हमखास गंडवतं, कारण त्याच्या हिशोबात तुमचा मुलगा ताशी चौदा किलोमीटरनं चालवतो आणि त्याला मध्ये सूही लागत नाही.

हीच अ‍ॅप इंग्लंडमध्ये राहणारी आपली मंडळी वापरतात आणि खूश असतात. तिथे नकाशावर ‘ब्रायडलवे’ म्हणून जी वाट छापलेली असते, तिच्यावर सायकल चालवायचा हक्क १९६८ च्या कायद्यानं दिलाय. पादचाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची, एवढीच अट. म्हणजे तिथे नकाशातली रेषा हीच परवानगी. आपल्याकडे रेषा म्हणजे नुसती रेषा. कुणीतरी उपग्रहाचं चित्र बघून काढलेली, किंवा एखादा ट्रेकर चालून गेला म्हणून उमटलेली. तुम्हाला नकाशा कोरा दिसतो याचा अर्थ आंबोलीत वाटा नाहीत असा नाही. वाटा मुबलक आहेत. त्यांवरून जाणारी माणसं मोबाइलवर प्रवास नोंदवत नाहीत, इतकंच.

मालकीपासून सुरुवात करते, कारण सायकलवाले हाच भाग गाळतात. आंबोलीभोवती राखीव जंगल आहे. आंबोली-दोडामार्ग हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. हिरण्यकेशीच्या उगमाशी २०२० मध्ये माशाची नवी जात नोंदली गेली आणि २०२१ मध्ये तो परिसर जैवविविधता वारसा स्थळ झाला. राखीव जंगलात विनापरवाना शिरणं १९२७ च्या वन कायद्यानुसार गुन्हा ठरतो. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानाला १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो, तिथे परवान्याशिवाय प्रवेशच नाही. म्हणून उद्या हाच बेत तुम्ही राधानगरी किंवा चांदोलीकडे नेलात तर माझं उत्तर एका ओळीचं असेल: वनखात्याला विचारा, नाही म्हणाले तर डांबरीवर चालवा. आंबोलीतही पोचल्या दिवशी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन या. ‘आम्ही चौघं, सायकली, अमुक वाडीपर्यंत जायचं म्हणतोय’ एवढं सांगितलं की वनरक्षक स्वतःहून सांगतो कुठे जाऊ नका. गव्यांचा कळप कुठे बसलाय, परवा अस्वल कुणाला दिसलं, हे त्याच्याइतकं ताजं कुणालाच ठाऊक नसतं. पंधरा मिनिटं जातात.

दुसरं म्हणजे गावची जमीन. आंबोली, चौकुळ आणि गेळे या तिन्ही गावांत कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न वर्षानुवर्षं चालत आलाय. संस्थानकाळापासून गावकऱ्यांनी मिळून कसलेल्या जमिनी, आणि त्या कागदावर कुणाच्या, हा वाद. तुम्हाला त्यात पडायचं कारण नाही. पण हातात जीपीएस घेऊन माळावर थांबत थांबत फिरणारा अनोळखी माणूस तिथे मोजणीवाला वाटतो, नाहीतर जमिनीचा दलाल. माझ्यावर ही वेळ दोनदा आली. दोन्ही वेळा हेल्मेट काढलं, मुलांचे फोटो दाखवले, पाणी मागितलं आणि प्रकरण चहावर मिटलं. ड्रोन मात्र घरीच ठेवा.

मग सायकलीला हक्काचं काय उरतं? पाणंद. दोन शेतांच्या मधून किंवा गावातून माळाकडे जाणारी, दोन्ही बाजूंना दगडी गडगा किंवा कुंपण असलेली जुनी गाडीवाट. ही सार्वजनिक वहिवाटीची असते, बैलगाडीच्या चढाला बेतलेली असते, त्यामुळे सहसा अचानक उभी होत नाही, आणि कुठल्या ना कुठल्या वाडीला जाऊन मिळते. महसूल खात्याच्या गाव नकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेनं दाखवतात, पायवाट एकेरी. लहान मुलं बरोबर असतील तर मी दिवसाचा बेत पाणंदींना धरूनच आखते. त्यांना जोडायला गावचे अरुंद, निवांत डांबरी तुकडे घेते. तुम्ही ‘डांबरी नको’ म्हणालात, पण चौकुळकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी साडेनऊला तासाभरात मोजून चार गाड्या भेटतात. वीसपैकी आठ किलोमीटर अशा रस्त्यावर गेले म्हणून सुट्टी वाया गेली असं मानू नका. निव्वळ मातीवर वीस किलोमीटर हा तुमच्या मुलाच्या बेताबाहेरचा आकडा आहे, त्यावर पुढे येतेच.

निघायच्या आठवडाभर आधी एक संध्याकाळ घरी बसून काढा. मी ते कसं करते ते सांगते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे ऑनलाइन नोंदणी करून मिळतात. माहिती जुनी असते, पण माझ्या दृष्टीनं तोच त्यांचा गुण आहे. ज्या वाटा रस्ते होण्यापूर्वीपासून आहेत, त्या तिथे लाल तुटक किंवा ठिपक्यांच्या रेषांनी सापडतात, आणि पूर्वीपासूनची वाट म्हणजे कुणाच्या तरी वहिवाटीची वाट. मग उपग्रहाचं चित्र. गूगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रंही दिसतात. एकच वाट जानेवारी-फेब्रुवारीतल्या दोन-तीन वेगवेगळ्या वर्षांच्या चित्रांत बघायची. तिन्हींत दिसली तर जिवंत. पहिल्यात ठळक, दुसऱ्यात फिकट, तिसऱ्यात गायब, तर ती मोडली. आणि उलट, जुन्या चित्रात नाही पण ताज्यात लालभडक सरळ रेषा असेल तर सावध व्हायचं. ती जेसीबीनं काढलेली असते, बहुतेक वेळा कुणाच्या तरी बागेत किंवा प्लॉटवर जाते आणि फाटकापाशी संपते.

तिसरं, ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेला खुला नकाशा. ओस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स या अ‍ॅपवर तो भाग उतरवून घ्या, कारण तिथे रेंज येते आणि जाते, म्हणजे जास्त करून जातेच. त्यात ‘ट्रॅक’ आणि ‘पाथ’ वेगळे दाखवतात. ट्रॅक म्हणजे गाडी जाईल इतकी रुंदी. मुलांना घेऊन फक्त ट्रॅक. पाथवर तुम्ही एकटे पहाटे जा हवं तर, म्हणजे पहाटेही नकोच, कारण पुढे सांगते.

चढाचा हिशोब अ‍ॅपच्या आलेखावर सोडू नका, स्वतः मोजा. सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या वीस-वीस मीटरला एक अशा असतात. वाटेच्या एका किलोमीटरात पाच रेषा ओलांडल्या म्हणजे शंभर मीटर चढ, सरासरी दहा टक्के. डांबरीवर हे पोरं रडतकढत काढतील. जांभ्याच्या, म्हणजे तिथल्या तांबड्या दगडाच्या, सुट्या खड्यांवर मागचं चाक जागच्या जागी फिरतं आणि उतरून ढकलावं लागतं. माझा नियम असा की मुलं असतील तर किलोमीटरला तीन रेषा ही मर्यादा, चौथी आली की वाट बदलायची. आणि जिथे रेषा एकमेकींना चिकटून गडद पट्टा झालाय, तो कडा. उपग्रहाच्या चित्रात कडा दिसत नाही. वरून बघताना हिरव्याला लागून हिरवंच असतं.

आता चित्रावर विसंबल्याची माझी फजिती. सुरुवातीच्या वर्षांतली, आंबोलीच्या खाली, सावंतवाडीच्या बाजूची. सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरून, जाणारी एक झकास तांबडी वाट मी चित्रात हेरली. रुंद, सपाट, वळणंही मोजकी. प्रत्यक्षातही तशीच निघाली, इतकी गुळगुळीत की मला वेग आवरेना. एका वळणानंतर वाट नव्हतीच. चिरेखाण होती. चिरे काढून काढून केलेला चौकोनी खड्डा, पुरुष-दोन पुरुष खोल, भिंती सुरीनं वडी कापावी तशा उभ्या, तळाला हिरवं पाणी. वाट गुळगुळीत होती ती ट्रक जाऊन जाऊन. मागचं चाक घसरत सायकल थांबली तेव्हा पुढचं चाक काठापासून हातभर अंतरावर होतं. त्या दिवसापासून एखादी वाट नको इतकी चांगली दिसली की ती कुणी, कशासाठी इतकी चांगली ठेवलीय हे आधी शोधते.

जाळरेषांचंही तसंच. वणवा पसरू नये म्हणून वनखातं जंगलात साफ केलेले पट्टे ठेवतं. चित्रात ते सुंदर रस्ते वाटतात. पण त्या वनहद्दीच्या सरळ रेषेत जातात, चढ-उताराची पर्वा न करता. सायकल खांद्यावर घ्यायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय ती जागा वनखात्याची, म्हणजे पुन्हा परवानगी आलीच.

घरचा अभ्यास इथे संपतो. उरलेली वाट जमिनीवर वाचायची, आणि मला यातच सगळ्यात मजा येते. मुलांनाही शिकवा, खेळ म्हणून. फाट्यावर उभं राहून आधी खाली बघायचं. मोटरसायकलच्या टायरची ताजी खूण आहे का? असेल तर ती वाट कुठल्यातरी घरापर्यंत जाते, आणि मोटरसायकल जाते तिथे तुमची सायकल जाईल. नुसते खूर आणि शेण असेल तर ती गुरांची वाट. गावाजवळ ती हमरस्त्यासारखी रुंद असते. अर्ध्या किलोमीटरवर तिला दहा फाटे फुटतात आणि प्रत्येक फाटा चाऱ्यात नाहीतर पाण्यावर जाऊन विरतो. तिसरी मोळीवाल्यांची. ओळखायची कशी, तर दोन्ही बाजूंच्या फांद्या कोयत्यानं तिरक्या छाटलेल्या असतात आणि वाट एका माणसापुरती, डोक्यावर भारा घेऊन जाता येईल अशी. ती जंगलात आत जाते आणि तिथेच संपते. चाकोऱ्या दोन दिसल्या, मधल्या पट्ट्यावर गवत पण चाकोरीत माती उघडी, तर ती आपली वाट. चाकोरीतही गवत आलं असेल तर या पावसाळ्यानंतर तिथून गाडी गेलेली नाही. का गेली नाही याचं उत्तर पुढे पडलेल्या झाडाच्या रूपानं भेटतं.

मग विचारायचं. इथे शहरी माणूस एक चूक हटकून करतो. ‘हा रस्ता पुढे चौकुळला जातो का?’ असं विचारलं की उत्तर ‘जाता’ असंच येणार. कुठलीही वाट शेवटी चौकुळला जातेच, आणि पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? ‘किती लांब?’ विचारलं की ‘ह्या काय, हयसरच आसा,’ म्हणजे इथेच आहे. ते हयसर सहा किलोमीटर असू शकतं. मी असं विचारते: ‘काका, तुमची गाडी या वाटेनं कुठपर्यंत जाते? या वर्षी पावसानंतर तुम्ही गेलात का? मध्ये व्हाळ, म्हणजे ओढे, किती लागतात? पाणी कुठवर येतं?’ यांची उत्तरं नेमकी येतात, कारण ती त्यांच्या रोजच्या कामातली आहेत. एकदा एका आजींनी मला ऐकवलेलं वाक्य अजून लक्षात आहे: ‘वाट आसा, पण हल्ली कोण जाणा नाय.’ या एका वाक्यात सगळं आलं. वाट असणं वेगळं, चालू असणं वेगळं. मी तिथूनच परत फिरले.

राहत्या घरच्या माणसांना पहिल्या संध्याकाळी नकाशा दाखवू नका, दिशा हातानं दाखवा आणि वाड्यांची नावं विचारा. नकाशा बघायची सवय नसलेला माणूस नकाशा दाखवला की भिडेनं ‘होय होय’ म्हणतो. वाड्यांची नावं ओळीनं सांगायला लागला की तुम्ही ती कागदावर उतरवा. माझ्या हातात जीपीएस असतोच, पण खिशात तो कागदही असतो. वाट चुकल्यावर ‘मी कुठे आहे’ हे अ‍ॅप सांगतं, ‘पुढची वाडी कुठली’ हे तो कागद सांगतो. रस्त्यात भेटलेल्या माणसाला विचारता येण्यासारखं दुसरंच असतं.

आता प्राणी. घाबरवायला सांगत नाही, वेळापत्रक त्यावर ठरतं म्हणून सांगते. त्या भागात गवे आहेत, अस्वलं आहेत, बिबटे आहेत. आजरा-चंदगडच्या बाजूला रानटी हत्तींचा वावर असतो. चालणाऱ्याची चाहूल त्यांना लागते. सायकलची लागत नाही. ती बिनआवाजी आणि वेगवान, वळणावरून थेट अंगावर येते. अस्वलाला दिसतं बेताचं, दचकलं की ते पळण्याऐवजी हल्ला करतं. गवा सहसा बाजूला होतो, पण एकटा नर असेल तर त्याचं टनभर वजन लक्षात ठेवून तुम्हीच बाजूला व्हा. म्हणून प्रत्येक सायकलला घंटी, महाग नको, पितळी ठणठणीत. आंधळ्या वळणाआधी वाजवायची. मुलांना मोठ्यानं बडबड करायची पूर्ण मुभा. आणि सकाळी साडेआठच्या आत मातीवर उतरायचं नाही, दुपारी साडेचारनंतर राहायचं नाही. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण झाडीखाली साडेपाचलाच अंधारतं, वर धुकं आलं तर त्याहून आधी.

म्हणजे हातात आठ तास दिसतात, पण तुमच्या कुटुंबाचे कामाचे तास चारच धरा. माती, लहान मुलं, पाणी पिणं, शेकरू दिसलं म्हणून थांबणं, करवंदीच्या जाळीत अडकलेली बाही सोडवणं, हे सगळं धरून माझ्या गटांचा वेग ताशी पाच-सहा किलोमीटर पडतो. थांबे वजा करून नाही, धरून. चार तासांत वीस-चोवीस, तेही मधले डांबरी तुकडे धरून; निव्वळ मातीवर तुमच्या मुलाला तेवढं जमणार नाही. यातला निम्मा वेळ संपला की जिथे असाल तिथून परत, मग तो धबधबा पुढच्या वळणावर का असेना. साडेआठला निघालात तर साडेदहाला वळायचं. हे निघण्यापूर्वी मुलांना सांगून ठेवा, म्हणजे वळताना भांडण होत नाही. आमच्यात गटातल्या सगळ्यात लहान मुलाच्या हातात घड्याळ देतात आणि ‘वळा’ ही आरोळी त्यानंच ठोकायची असते. तुमच्या मुलाला हे काम आवडेल असं वाटतं.

सड्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण फोटो बघून तुम्हाला तिथेच जावंसं वाटणार आहे. जांभ्याचं पसरलेलं पठार, झाडं नाहीत, सायकल कुठूनही कुठेही जाते. म्हणूनच तिथे वाट नसते. खडकावर चाकाची खूण उमटत नाही, आणि धुकं उतरलं की चारी दिशा एकसारख्या. कावळेसादच्या बाजूला सड्याचा शेवट म्हणजे सरळ दरी. मुलांना घेऊन काठापासून शंभर पावलं आत सायकली आडव्या टाकायच्या आणि पुढे पायी जायचं, यात तडजोड नको.

पावसाळ्यात तर सड्यावर सायकल घालूच नये, भले कुणी कितीही व्हिडिओ टाकोत. आंबोली टोड नावाचा बेडूक, ज्याची शास्त्रीय नोंद २००९ मध्ये झाली, जगात फक्त या परिसरात सापडतो. पहिल्या पावसात खडकावरच्या वाटीएवढ्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो. वाटीएवढं डबकं सायकलवाल्याला दिसत नाही, दिसलं तरी त्यातून चाक घालायचा मोह होतो. तुम्ही डिसेंबरात जाताय म्हणून हा मुद्दा तुम्हाला लागू नाही. पण परत जूनमध्ये यायचा बेत होईल हे मला आत्ताच दिसतंय.

तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं? पहिल्या दिवशी राहत्या घराजवळची एक पाणंद, जाऊन येऊन सहा-सात किलोमीटर, त्याच वाटेनं परत. गोल फेरीचा हट्ट पहिल्या दिवशी कुणीही करू नये. त्याच वाटेनं परतताना वाट ओळखीची असते, वेळेचा अंदाज पक्का होतो, आणि मुलांचे ब्रेक, खोगीर, शूज सगळ्याची परीक्षा घराजवळ होते. दुसऱ्या दिवशी चौकुळच्या दिशेनं डांबरीवरून जायचं आणि वाटेत फुटणाऱ्या दोन पाणंदी आत जाऊन बघायच्या, ज्यांबद्दल आदल्या रात्री विचारून ठेवलंय. तिसऱ्या दिवशी, पाय तयार असतील तर, एका मोठ्यानं मुलांबरोबर सायकलवर आणि दुसऱ्यानं गाडी घेऊन पुढच्या वाडीत थांबायचं. गाडी पुढे असली की परतीची चिंता राहत नाही, उतार जास्त निवडता येतो. कुठे, किती वाजता भेटायचं ते निघतानाच ठरवून घ्या. फोन लागेल या भरवशावर राहू नका. चौथा दिवस मी मोकळा ठेवते. तोपर्यंत गावात कुणीतरी ‘त्या अंगाला गेला होतात की नाय?’ असं विचारून एखादी वाट सांगितलेली असते. माझ्या सगळ्यात आवडत्या दोन वाटा मला अशाच मिळाल्या.

शेवटी वीस इंची सायकल. पाणंदीवर चालेल. लहान चाक खड्ड्यात आधी अडकतं, एवढं त्याला समजावून ठेवा: उतारावर बसायचं नाही, पेडल आडवी धरून उभं राहायचं, आणि पुढचा ब्रेक दाबायचा तो एका बोटानं. जांभ्याचे वाटोळे खडे घट्ट जमिनीवर गोट्यांसारखे पसरलेले असतात. पुढचा ब्रेक मुठीनं दाबला की चाक त्यांवरून सरळ निघून जातं. हे त्याला पुण्यात एखाद्या मुरमाच्या मैदानावर दोन संध्याकाळ करायला लावा, आंबोलीत नको. ब्रेकचे रबर निघायच्या आधी बदला, उतारावर ते लवकर झिजतात. ट्यूबमध्ये सीलंट भरून घ्या, काटे भरपूर आहेत. टायरवर लिहिलेल्या किमान आकड्याच्या जरा वर इतकीच हवा ठेवा, पकड वाढते. आणि वीस इंची ट्यूब दोन बरोबर ठेवा. मोठ्या मापाची एखादी सावंतवाडीत मिळून जाईल, पण मुलांच्या मापासाठी सुट्टीतला अर्धा दिवस घाट उतरण्यात घालवू नका.